बिको जगाला कळले, मोहापी का नाही?

१२ सप्टेंबर १९७७ रोजी प्रिटोरियाच्या तुरुंगात स्टीव्ह बिको या ३० वर्षांच्या तरुणाने प्राण सोडला. हे नाव चळवळीतील बहुतेक वाचत्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. पण मापेत्ला मोहापी हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? मोहापी बिकोंच्याच चळवळीतले, त्यांचे निकटचे सहकारी. ५ ऑगस्ट १९७६ रोजी, म्हणजे बिकोंच्या १३ महिने आधी, केई रोडच्या पोलीस कोठडीत ते मृतावस्थेत आढळले. गळफास घेतला, असे पोलिसांनी सांगितले आणि आत्महत्येची चिठ्ठीही पुढे केली. ती बनावट असल्याचे कुटुंबाचे म्हणणे होते, तरीही चौकशीत कोणीच दोषी ठरले नाही. यंत्रणा तीच, प्रदेश तोच. मग एक जगभर पोहोचला आणि दुसरा का पोहोचला नाही?

बिको १८ डिसेंबर १९४६ चे. वडील ते चार वर्षांचे असतानाच गेले. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण आणि पुढे इस्पितळात स्वयंपाकीण. भावाच्या राजकारणापायी १९६३ मध्ये लव्हडेलच्या शाळेतून त्यांनाही काढले. १९६६ मध्ये नाताळ विद्यापीठात ते वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. तिथे उदारमतवादी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेत त्यांनी काम केले. पण १९६७ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीय प्रतिनिधींची राहण्याची सोय वेगळी केली, आणि आपले दुःख दुसऱ्याच्या तोंडून मांडून घेण्यात अर्थ नाही हे त्यांना उमगले. त्यातून 'सासो' ही स्वतंत्र विद्यार्थी संघटना उभी राहिली, बिको तिचे पहिले अध्यक्ष. आफ्रिकी, भारतीय वंशाचे, मिश्रवंशीय असे जे जे वर्णव्यवस्थेखाली दबलेले, ते सारे 'काळे', अशी व्याख्या त्यांनी केली. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यातील 'दलित' शब्दाची व्यापक व्याख्या आठवावी. दोन खंडांत, एकमेकांना न भेटलेली पोरे त्याच काळात तोच विचार करत होती!

१९७३ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदी हुकूम बजावून त्यांना किंग विल्यम्स टाउनमध्ये जखडले. एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांशी बोलायचे नाही, आणि त्यांचे शब्द छापणे हा गुन्हा. त्याही स्थितीत त्यांनी आरोग्य केंद्र आणि राजबंद्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभा केला, पत्रद्वारा कायद्याचा अभ्यास केला. त्या निधीचे काम मोहापीच सांभाळत. मोहापी गेले तेव्हा देश सोवेटोच्या उठावाने पेटला होता. शेकडो मेले होते, त्या गर्दीत एका कार्यकर्त्याचा मृत्यू बुडून गेला.

१८ ऑगस्ट १९७७ रोजी बिकोंना नाकाबंदीत पकडले. पोर्ट एलिझाबेथमध्ये त्यांना विवस्त्र ठेवले, बेड्या घातल्या. चौकशीत डोक्याला जबर मार लागला. सरकारी डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे लिहून दिले. ११ सप्टेंबरला नग्न, अर्धवट शुद्धीतल्या माणसाला मोटारीच्या मागच्या भागात टाकून सुमारे १,१०० किलोमीटरवर प्रिटोरियाला नेले. तिथे ते दुसऱ्या दिवशी संपले.

पोलीस खात्याच्या मंत्र्याने आधी उपोषणाचे कारण सांगितले. पण इथे एक फरक होता. डोनाल्ड वूड्स हा गोरा संपादक बिकोंचा मित्र होता. बिकोंच्या पत्नीसोबत त्याने मृतदेह पाहिला, छायाचित्रे घेतली गेली. वर्तमानपत्रांनी उपोषणाची थाप उघडी पाडली. अंत्ययात्रेला सुमारे २०,००० लोक जमले, पाश्चात्त्य देशांचे राजदूतही आले. आणि चौकशीत सिडनी केंट्रिज यांच्यासारखे वकील उभे राहिले. मी वकील आहे, म्हणून हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दंडाधिकाऱ्याने २ डिसेंबर १९७७ रोजी कोणीही दोषी नाही असे काही मिनिटांत सांगून टाकले, पण बेड्या, नग्नता, डॉक्टरांचा खोटेपणा हे सारे उलटतपासणीत नोंदीवर आले होते. निकाल पोलिसांच्या बाजूने, नोंद मात्र मृताच्या बाजूने! आपल्याकडे पंचनाम्यावर सही घेण्याची घाई असते तेव्हा मला ही चौकशी आठवते.

गोऱ्या मित्रामुळे जगाने ऐकले, हे सांगताना मन कडवट होते. १९८७ चा 'क्राय फ्रीडम' चित्रपट पाहा, त्याचा बराच भाग वूड्सच्याच पलायनाचा आहे. ज्या मध्यस्थाशिवाय बोलायला बिको शिकवत होते, त्याच मध्यस्थाने त्यांचे नाव जगात नेले. पण यासाठी बिकोंना कमी लेखण्याचे कारण नाही. अंत्ययात्रेला आलेली हजारो माणसे वूड्सने आणली नव्हती, ती बिकोंच्या दहा वर्षांच्या कामातून आली होती. नामांतराच्या लढ्यातील पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावेही आपल्याच लोकांनी जपली. ज्यांची घरे त्या काळात जळाली, त्या सगळ्यांची यादी मात्र आपल्यापाशीही नाही.

१९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाच्या समितीने बिको प्रकरणातील पोलिसांना माफी नाकारली. २००३ मध्ये पुराव्याअभावी खटला भरणार नाही असे सांगण्यात आले. १९७१ मध्ये कोठडीत मेलेल्या अहमद तिमोल यांची आत्महत्या नव्हती, खून होता, हे न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले, तेही त्यांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून. बिकोंच्या मृत्यूची चौकशी १२ सप्टेंबर २०२५ रोजी, ४८ वर्षांनी, पुन्हा उघडली गेली.