दिनकर बळवंत देवधर

दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी, इ.स. १८९२ - २४ ऑगस्ट, इ.स. १९९३) हे भारतीय क्रिकेट खेळाडू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार आणि संस्कृतचे प्राध्यापक होते. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने इ.स. १९३९-४० आणि इ.स. १९४०-४१ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत रणजी करंडक स्पर्धेचे अजिंक्यपद मिळवले. प्रा. देवधर या नावाने ते सर्वत्र ओळखले जात. देवधर करंडक ही आंतर-विभागीय एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नावाने सुरू करण्यात आली.

== प्राध्यापकी ==

देवधरांचा जन्म पुण्यात झाला आणि त्यांचे आयुष्य प्रामुख्याने याच शहरात गेले. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे अध्यापन करीत. शिक्षण प्रसारक मंडळीने इ.स. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने सुरू केलेली ही संस्था पुढे जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या देणगीमुळे सर परशुरामभाऊंच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या काळी भारतात क्रिकेट हा उपजीविकेचा व्यवसाय नव्हता. संस्थानिकांच्या पदरी असलेले खेळाडू सोडले, तर इतरांना नोकरी सांभाळूनच खेळावे लागे. देवधर याच दुसऱ्या वर्गातील होते.

== प्रथम श्रेणी कारकीर्द ==

इ.स. १९११ मध्ये सुरू झालेली देवधरांची प्रथम श्रेणी कारकीर्द इ.स. १९४८ पर्यंत चालली. पहिल्या महायुद्धापूर्वी आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही प्रथम श्रेणीचे सामने खेळलेल्या मोजक्या खेळाडूंमध्ये त्यांचा समावेश होतो. मुंबईत धर्मनिहाय संघांमध्ये होणाऱ्या स्पर्धांत ते हिंदू संघाकडून खेळले.

इ.स. १९२६-२७ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारतात आला. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर सी.के. नायडू यांनी हिंदू संघाकडून या पाहुण्यांविरुद्ध १५३ धावा केल्या. त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी १४८ धावा काढल्या. भारतीय फलंदाज आंतरराष्ट्रीय दर्जाच्या गोलंदाजीला तोंड देऊ शकतात, हे या दोन खेळींनी दाखवून दिले. पुढे इ.स. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि जून १९३२ मध्ये भारत लॉर्ड्स येथे पहिला कसोटी सामना खेळला. त्या वेळी देवधर ४० वर्षांचे होते. कसोटी सामना खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही.

== रणजी करंडक विजेतेपदे ==

=== पार्श्वभूमी ===

रणजी करंडक स्पर्धा इ.स. १९३४-३५ मध्ये सुरू झाली. पहिली दोन्ही विजेतेपदे मुंबईने मिळवली. त्यानंतर नवानगर, हैदराबाद आणि बंगाल हे संघ विजेते ठरले. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेची स्थापना इ.स. १९३४ मध्ये पुण्यात झाली. महाराष्ट्र राज्य तेव्हा अस्तित्वात नव्हते. ते १ मे, इ.स. १९६० रोजी स्थापन झाले. त्यामुळे महाराष्ट्र या नावाचा संघ राज्याच्या निर्मितीच्या सुमारे दोन दशके आधीच अजिंक्य ठरला होता. मुंबईचा संघ मात्र स्वतंत्र होता आणि आजही आहे.

पश्चिम विभागात मुंबईखेरीज बडोदा, नवानगर यांसारखे संस्थानी संघ होते. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळे एका पराभवाने हंगाम संपत असे. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरे. यामुळे प्रचंड धावसंख्या उभारून दीर्घकाळ फलंदाजी करणे हे या स्पर्धेतील महत्त्वाचे अस्त्र होते.

=== इ.स. १९३९-४० ===

या हंगामात सांगलीचे विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक होय. पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा १० गडी राखून पराभव केला आणि करंडक प्रथमच जिंकला.

=== इ.स. १९४०-४१ ===

विजेतेपद राखण्याच्या मार्गात मुंबईचा बलाढ्य संघ उभा होता. पुण्यात झालेल्या सामन्यात महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा केल्या. वयाची ४८ वर्षे ओलांडलेल्या देवधरांनी त्यांपैकी २४६ धावा एकट्याने काढल्या. ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या ठरली. मुंबईनेही ६५० धावांपर्यंत मजल मारली. मात्र पहिल्या डावातील अवघ्या २५ धावांच्या आघाडीने महाराष्ट्र पुढे गेला. दोन्ही संघांच्या पहिल्या डावांतच १,३२५ धावा झाल्या होत्या. कर्णधार लवकर बाद झाला असता, तर ही निसटती आघाडी मिळणे अवघड होते.

सलामीचे फलंदाज आणि जलद-मध्यमगती गोलंदाज रंगा सोहोनी यांची या हंगामातील फलंदाजीही मोलाची ठरली. अंतिम सामना मद्रास येथे यजमान संघाविरुद्ध झाला. परक्या मैदानावरील हा सामना महाराष्ट्राने ६ गडी राखून जिंकला.

=== पुढील काळ ===

हजारे त्यानंतर बडोद्याकडून खेळू लागले. इ.स. १९५२ मध्ये भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. सोहोनी यांनीही भारताकडून कसोटी सामने खेळले. अशा रीतीने स्वतः कसोटी न खेळलेल्या कर्णधाराच्या संघातील खेळाडू कसोटी क्रिकेटपर्यंत पोहोचले.

देवधरांचा खेळ मात्र थांबला नाही. इ.स. १९४४-४५ च्या हंगामात नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके (१०५ आणि १४१) ठोकली. त्या वेळी त्यांचे वय ५२ वर्षे होते.

== आकडेवारी ==

देवधरांनी ८१ प्रथम श्रेणी सामन्यांत ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा केल्या. त्यांत ९ शतकांचा समावेश आहे.

== निवृत्तीनंतर ==

निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य म्हणून काम केले. क्रिकेटविषयी त्यांनी लेखनही केले. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन या बॅडमिंटनपटू होत्या आणि इ.स. १९४० च्या दशकात त्यांनी राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले.

१४ जानेवारी, इ.स. १९९२ रोजी देवधरांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. २४ ऑगस्ट, इ.स. १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

== सन्मान ==

* पद्मश्री (इ.स. १९६५)
* पद्मभूषण (इ.स. १९९१)
* देवधर करंडक स्पर्धेचा प्रारंभ (इ.स. १९७३-७४)
* भारतीय टपाल खात्याचे तिकीट (इ.स. १९९६)