पंथांपलीकडचा दरबार : रेव्हरंड ना. वा. टिळक

शाळेत नारायण वामन टिळक आपल्याला फुलामुलांचे कवी म्हणून भेटले. मला मात्र त्यांची शेवटची दोन वर्षं जास्त ओढून घेतात.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९००चा. एका छपराखाली दोन श्रद्धा कशा नांदतात, हे टिळक आधी घरातच शिकले.

पुढे ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळक झाले. १९१२पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. पंथांची भांडणं परदेशातून आलेली. ती मराठी माणसाने का वाहायची, हा त्यांचा सल होता. म्हणून त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाने शेकडो भजनं रचली.

१९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात कुठल्याही पंथाचा ख्रिस्तभक्त चालणार होता, अगदी बाप्तिस्मा न घेतलेलासुद्धा! इथे मी, कॅथलिक मुलगी, थबकते. आमच्यासाठी बाप्तिस्मा हे चर्चचं दारच. पण टिळकांनी स्वतः तो घेतला होता, त्याची किंमत मोजली होती. दाराबाहेरच्याला परका मानायला तेवढा त्यांचा नकार होता.

९ मे १९१९ला ते गेले. दरबार फार टिकला नाही. अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. टिळकांच्या मिशनचा आणि आमच्या सुरतेतल्या आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनचा वारसा त्यात एकत्र आला. आम्ही कॅथलिक त्यात नाही.

भेस्तानात खानदेशातून आलेली मराठी घरं बरीच. त्यांत ख्रिस्ती थोडी, तीही वेगवेगळ्या चर्चची. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा. त्यातली एक संध्याकाळ आपल्या मंडळाने टिळकांच्या भजनांना द्यावी. आणि हो, बोलावणं फक्त ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना नको.