सर दिनकरराव राजवाडे : चाळिशीतील इंग्रजी

ग्वाल्हेर संस्थानाचे कर्तबगार दिवाण म्हणून सर दिनकरराव राजवाडे यांचे नाव सर्वश्रुत आहे. त्यांच्या चरित्रातील एका लहानशा गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मुत्सद्दी म्हणून हिंदुस्थानभर ख्याती पावलेल्या या पुरुषाने इंग्रजीचा अभ्यास आरंभिला तो वयाच्या चाळिशीत.

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. शिंदे सरकारची चाकरी त्यांच्या घराण्यात पूर्वापार चालत आली होती. त्याप्रमाणे पंधराव्या वर्षी तेही ग्वाल्हेरच्या सेवेत रुजू झाले. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली होती. छावणीचा वाचक असलेला लष्कर हा फारसी शब्दच पुढे शहराचे नाव झाला; आजचा नया बाजार याच लष्करात आहे. दप्तर, जमाबंदी, वसूल, तहसील हे शब्दही असेच फारसी-अरबीतून येऊन मराठी कारभाराच्या अंगवळणी पडले होते. दिनकररावांची हयात याच भाषेत घडली.

१८४३ मधील महाराजपूर व पनिहारच्या पराभवानंतर संस्थानाची घडी विसकटली होती. १८५१ च्या सुमारास दिवाणगिरी हाती येताच दिनकररावांनी जाचक कर रद्द केले, स्वतःसह अधिकाऱ्यांचे पगार कमी केले आणि तुटीच्या खजिन्यात शिल्लक आणली. अधिकाऱ्यांसाठी दस्तूर-उल्-अमल ही नियमावलीही त्यांनी घालून दिली. यांपैकी कशासाठीही त्यांना इंग्रजीची गरज भासली नाही. १८५७-५८ च्या धामधुमीत ते इंग्रजांच्या बाजूस राहिले. त्यांच्या या भूमिकेविषयी पुढील पिढ्यांत एकमत झाले नाही.

डिसेंबर १८५९ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. त्याच महिन्यात त्यांना चाळीस वर्षे पूर्ण झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश तोवर प्रसिद्ध झाले होते. परंतु कोशातील अर्थ आणि व्यवहारातील अर्थ यांत अंतर असते. बाजारात बिल म्हणजे देण्याचा कागद, तर कायदेमंडळात तेच बिल म्हणजे कायद्याचा मसुदा. ज्याच्या शब्दावर संस्थान चालत होते, त्याने अशा साध्या शब्दांपाशी विद्यार्थी होऊन बसावे, यास मोठे मन लागते.

१८६१ च्या कायद्यान्वये लॉर्ड कॅनिंग यांनी १८६२ मध्ये विधिमंडळात प्रथमच भारतीय सभासद नेमले. पतियाळाचे महाराज व बनारसचे राजा देवनारायणसिंह यांच्यासमवेत दिनकररावही होते. मंडळाचे कामकाज इंग्रजीत चाले. इंग्रजी संभाषणात सफाई त्यांना अखेरपर्यंत साधली नाही, तरीही व्हाइसरॉय व संस्थानिक त्यांचा सल्ला घेत राहिले.

त्यांच्या विवेकाची खरी कसोटी १८७५ मध्ये लागली. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांस विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप होता. चौकशी आयोगात तीन इंग्रज सभासद होते आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व दिनकरराव हे तीन भारतीय. इंग्रज सभासदांनी गायकवाडांना दोषी मानले. भारतीय सभासदांच्या मते आरोप सिद्ध झाला नाही. आयुष्यभर इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्या दिनकररावांनी या प्रसंगी त्यांच्याहून वेगळा कौल दिला. संशय आणि पुरावा या दोन शब्दांतील अंतर त्यांनी ढळू दिले नाही. गायकवाडांची गादी अखेर गेली, ती गैरकारभाराच्या कारणावरून.

सामाजिक सुधारणा त्यांना मानवल्या नाहीत आणि राष्ट्रीय सभेपासूनही ते दूर राहिले. त्यांच्या दृष्टीची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. ९ जानेवारी १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. परकी भाषा त्यांना अस्खलित बोलता आली नाही; पण शब्दाचा अर्थ तोलून पाहण्याची जी शिस्त मराठी दप्तराने त्यांना लावली होती, ती इंग्रजांच्या दरबारातही त्यांना पुरून उरली.