मूत्रपिंडातली गाळणी शोधणारे मार्सेलो माल्पिघी



थोर पुरुषांची माहिती लिहायची म्हटली की आपण राजे, संत आणि देशभक्त यांच्यावर लिहितो. यावेळी मी एका शास्त्रज्ञावर लिहीत आहे. आपल्या कमरेच्या वर, पाठीकडे, दोन मूत्रपिंडे असतात. त्यांच्या आत काय आहे हे माल्पिघींनी शोधले.

त्यांचा जन्म 10 मार्च 1628 रोजी इटली देशात, बोलोन्या शहराजवळ क्रेव्हालकोरे या गावी झाला. त्याच वर्षी इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांचे पुस्तक निघाले. रक्त शरीरभर फिरून परत हृदयात येते, असे त्यात दाखवले होते. पण धमनीतले रक्त शिरेत जाते कुठून, ते हार्वेंना दिसले नव्हते. ती वाट शोधणारा मुलगा त्याच वर्षी जन्मला, याचे मला फार नवल वाटते.

माल्पिघी 21 वर्षांचे असताना आईवडील दोघेही वारले. घरदार आणि भावंडे त्यांच्या अंगावर पडली. शिक्षण थांबले, पण त्यांनी ते सोडले नाही. 1653 साली ते डॉक्टर झाले.

सूक्ष्मदर्शक तेव्हा नवीनच होता. 1661 साली त्यांनी त्यातून बेडकाचे फुप्फुस पाहिले. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केसाहून बारीक नळ्या दिसल्या. हार्वेंची हरवलेली वाट सापडली! या नळ्यांना केशवाहिन्या म्हणतात.

मग त्यांनी जनावरांची मूत्रपिंडे घेतली. नुसत्या डोळ्यांनी तो एक मांसाचा गोळाच दिसतो. त्यांनी युक्ती केली. मूत्रपिंडाच्या धमनीत मद्यार्कात कालवलेला काळा रंग सोडला. बघतात तो काय, डहाळीला फळे लगडावीत तसे बारीक काळे ठिपके! एकेक ठिपका म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ. 1666 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. लघवी इथेच रक्तातून वेगळी होत असावी, हा त्यांचा अंदाज. पण गुच्छ नळीला कसा जोडलाय हे त्यांना दाखवता आले नाही. ते बोमन यांनी 1842 साली दाखवले, म्हणजे 176 वर्षांनी!

कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसे घडते, हेही त्यांनी उबवलेली अंडी फोडून पाहिले आणि 1673 साली चित्रांसह छापले. आपल्या दहिवलीत खुडूक कोंबडी सगळ्यांनी पाहिली आहे, पण अंड्यात रोज काय बदलते ते कोण बघतो?

बोलोन्यातलेच काही डॉक्टर मात्र त्यांच्यावर उलटले. असले बारीक बघून रोगी थोडाच बरा होतो, असे त्यांचे म्हणणे. 1684 साली घराला आग लागून सूक्ष्मदर्शक आणि कागद जळाले. तरी माल्पिघींनी काम सोडले नाही. 1691 साली ते पोपचे वैद्य म्हणून रोमला गेले आणि 1694 साली तिथेच वारले.

त्यांच्या विरोधकांना उत्तर पुढे मिळाले. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज आलेल्या रोग्यांची लघवी तापवली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. अशा रोग्यांची मूत्रपिंडे बिघडलेली असतात, हे त्यांनी 1827 साली मांडले. माल्पिघींची गाळणी फाटली की रक्तातली प्रथिने लघवीतून वाहून जातात.

आज आपल्याला माहीत आहे की एका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख गाळण्या असतात. दिवसभरात त्या सुमारे 180 लीटर पाणी गाळतात, म्हणजे 15 लिटरचे 12 हंडे! त्यातले दीड-दोन लीटर लघवी होऊन जाते, बाकीचे परत रक्तात. या सगळ्या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात. नऊ महिने भरल्यावर जन्मलेल्या बाळात पुढे एकही नवीन होत नाही. म्हणून गरोदर आईला चांगले खायला मिळाले पाहिजे.

पालकांना माझी विनंती आहे. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज खाऊ नका. उन्हातान्हात शेतावर जाताना पाणी बरोबर न्या. चेहरा सुजला किंवा लघवीला सारखा फेस आला तर दवाखान्यात लघवी तपासा. एकदा गेलेली गाळणी परत येत नाही.

साध्या गोष्टी नीट निरखून पाहायला शिकवणाऱ्या या थोर शास्त्रज्ञास माझे शतशः प्रणाम!