प्लेगची लस मुंबईत बनवली, पण १९ मृत्यूंचा ठपका माथी आला. कोण होते हाफकिन?

पोलिओचे डोस असोत की साप चावल्यावर दिली जाणारी लस, अनेक बाटल्यांवर 'हाफकिन' हे नाव छापलेलं असतं. हे नाव कंपनीच्या मालकाचं नाही. जंतूंशी झुंजणाऱ्या एका शास्त्रज्ञाचं आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू धर्माचं. पुढे ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. काम मिळालं ते ग्रंथालयात. तिथे राहूनच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ ला मुंबईत प्लेग घुसला. आधी उंदीर मरायचे, मग माणसं. लोक शहर सोडून गावाकडे पळू लागले. पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच साथीत. प्लेगचे जंतू उंदरांत असतात, उंदरावरची पिसू चावली की ते माणसात येतात, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं.

हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये छोटी जागा आणि मोजकी माणसं मिळाली. त्यांनी मटणाच्या रश्श्यासारख्या पाण्यात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले, कारण त्या थेंबांखाली जंतू भराभर वाढायचे. मग उष्णता देऊन जंतू मारले. झाली लस तयार! १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळा तुरुंगातल्या तयार असलेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेल्यांमध्ये आजारी पडणारे कमी निघाले. हळूहळू लाखो लोकांनी ती टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मुल्कोवालची ती बाटली

ऑक्टोबर १९०२. पंजाबमधल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर फुटलं हाफकिन यांच्यावर. त्यांचं काम काढून घेतलं गेलं आणि ते इंग्लंडला गेले.

पण धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत आणि जनावरांच्या शेणात. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे चौकशीच्या कागदांत होतं. शिवाय जंतू आधीपासून बाटलीत वाढले असते, तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. म्हणजे दोष लशीचा नव्हता. हे मान्य व्हायला मात्र १९०७ साल उजाडलं. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे डाग पुसला गेला.

हाफकिन पुन्हा भारतात आले, पण नेमणूक झाली कोलकात्याला. परळची प्रयोगशाळा काही परत हाती आली नाही. पुढे ते निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

प्लेगची तशी साथ आता राहिली नाही. पण मुल्कोवालमध्ये १९ जीव घेणारा जंतू आजही आपल्या शेतात, गोठ्यात आणि उकिरड्यात आहे. खिळा रुतला, विळा लागला तर जखमेवर माती किंवा शेण लावू नका. साबण-पाण्याने जखम धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी लगेच आरोग्य केंद्र गाठा.