विश्लेषण : मुंबईचा आयुक्त सरकारच का नेमते? फिरोजशहा मेहतांनी काय सुचवले होते?

मुंबई महापालिकेचा आयुक्त आजही राज्य सरकार नेमते, तेही १८८८च्या कायद्याने. या रचनेमागे फिरोजशहा मेहता (१८४५-१९१५) यांचा मोठा वाटा आहे.

१८६५पासून शहराचा कारभार सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’ आणि आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्याकडे होता. क्रॉफर्ड यांच्या काळात शहर स्वच्छ झाले, पण तिजोरीही रिकामी झाली. १८७१मध्ये करदाते खवळले. तेव्हा २६ वर्षांच्या बॅरिस्टर फिरोजशहांनी चक्क क्रॉफर्ड यांची बाजू घेतली! दोष माणसाचा नाही, रचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जस्टिस करदात्यांना उत्तर देण्यास बांधील नव्हते. आयुक्त सरकारनेच नेमावा, मात्र त्याच्या खर्चावर लोकांनी निवडलेल्यांचा अंकुश असावा, हा त्यांचा तोडगा होता.

१८७२च्या कायद्याने ६४ सदस्य ठरले. ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, उरलेले १६ सरकारने नेमायचे. १८८८चा कायदा घडवण्यातही फिरोजशहा आघाडीवर होते. पुढे ते अनेकदा महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि सभागृहात त्यांचाच शब्द चालू लागला.

ते सरकारी अधिकाऱ्यांना खुपत होते. १९०७मध्ये फिरोजशहा जस्टिसांच्या १६ जागांसाठी उभे होते. अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्यासह काही बड्या अधिकाऱ्यांनी त्यांना पाडण्यासाठी गट बांधला. ‘कॉकस’ म्हणून तो गाजला. निकालात फिरोजशहा सतरावे आले. मात्र वरच्या सोळांपैकी एकाची निवड टिकली नाही आणि ते पुन्हा सभागृहात पोहोचले.