विश्लेषण : ‘ड्युरंड रेषा’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते मुत्सद्दी कोण होते?

अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमध्ये चकमक झाली की ‘ड्युरंड रेषा’ बातम्यांत येते. भारतात ड्युरंड करंडक सुरू झाला की तेच आडनाव क्रीडा पानावर दिसते. दोन्हींमागे माणूस एकच : सर हेन्री मॉर्टिमर ड्युरंड.

त्यांचा जन्म १८५० मध्ये भोपाळजवळच्या सिहोरचा. वडिलांनी १८३९ मध्ये गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा सुरुंगाने उडवण्यात भाग घेतला होता. १८५७ मध्ये ते होळकरांच्या इंदूरमध्ये ब्रिटिशांचे प्रतिनिधी होते. मुलगा १८७३ मध्ये सनदी सेवेत आला, अफगाण युद्धात जनरल रॉबर्ट्स यांच्यासोबत काबूलला गेला आणि पस्तिशीतच हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव झाला. सिमल्यातील फुटबॉल स्पर्धा १८८८ ची.

काबूलमध्ये काय ठरले?

रशिया मध्य आशियातून दक्षिणेकडे सरकत होता. त्यामुळे अफगाण अमिराचा अंमल कुठे संपतो, हे ब्रिटिशांना पक्के करायचे होते. फारसी जाणणारे ड्युरंड १८९३ मध्ये अमीर अब्दुर रहमान यांच्याशी बोलणी करायला काबूलला गेले. १२ नोव्हेंबरला करार झाला. स्वात, चित्रालमध्ये ढवळाढवळ न करण्याचे अमिराने मान्य केले. त्याचे वार्षिक अनुदान १२ लाखांवरून १८ लाख रुपये झाले.

कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात पश्तून टोळ्यांची गावे, कुरणे, सोयरीक दोन बाजूंना विभागली गेली. त्या टोळ्यांना कोणी विचारलेच नाही. १८९७ मध्ये सरहद्दीवर मोठा उठाव झाला. रेषा म्हणजे कायमची सीमा की फक्त प्रभावक्षेत्राची वाटणी, हा वाद तर आजही आहे. पाकिस्तान तिला वारशाने मिळालेली सीमा मानतो, काबूलला ती मान्य नाही. १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्र सदस्यत्वाविरुद्ध एकच मत पडले, ते अफगाणिस्तानचे.

पुढे काय झाले?

जमिनीवर खुणा रोवल्या जात होत्या, तेव्हा ड्युरंड तेहरानला पोहोचले होते. नंतर माद्रिद आणि १९०३ मध्ये वॉशिंग्टन. तिथे मात्र गाडी अडली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट राजदूतांना खडकाळ वाटांवरून पायपीट करायला लावत. ड्युरंड यांना ते झेपेना आणि दोघांचे सूरही जुळेनात. रूझवेल्ट यांची नाराजी लंडनपर्यंत गेली. १९०६ मध्ये ड्युरंड यांना परत बोलावण्यात आले. १९१० मध्ये प्लिमथमधून त्यांनी संसदेची निवडणूक लढवली, हरले. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.